पगारपत्रकातला वंश

सिंगापूरला गेलो त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिल्या महिन्याची पगाराची स्लिप उघडली, तर कपातीच्या रकान्यात 'सिंडा' असं लिहून काही डॉलर कापलेले. रक्कम किरकोळ होती, पण मराठी माणसाला कापलेल्या पैशाचा हिशोब लागेपर्यंत चैन पडत नाही. एचआरला विचारलं. उत्तर आलं, "तुम्ही इंडियन आहात ना, म्हणून."

म्हटलं, इंडियन असल्याचा दंड? :)

दंड नव्हता. सिंडा ही तिथल्या भारतीय वंशाच्या समाजासाठी १९९१ साली स्थापन झालेली संस्था. गरीब घरातल्या मुलांच्या शिकवण्या वगैरे, म्हणजे कामही चांगलं. चिनी माणसाच्या पगारातून तशीच कपात चिनी समाजाच्या संस्थेसाठी होते, मुसलमानाच्या पगारातून मशिदी आणि मेंडाकी या संस्थेच्या निधीसाठी, युरेशियन माणसाच्या पगारातून युरेशियन निधीसाठी. नको असेल तर फॉर्म भरून बाहेर पडता येतं. मी काही पडलो नाही.

मी हे सगळं विसरूनही गेलो असतो. पण पुढच्या वर्षी नेमकी एका क्लायंटची पगाराची सिस्टिम आमच्या गळ्यात पडली. टेबल उघडलं तर त्यात 'रेस' नावाचा कॉलम. व्हॅल्यू चार: चायनीज, मलाय, इंडियन, अदर्स. रिकामा ठेवता येत नाही आणि एका माणसाला एकच.

टेस्टिंगला क्लायंटकडच्या अकाउंट्समधल्या एक बाई बसल्या होत्या. वडील तमिळ मुसलमान, आई मलाय, वडिलांची आई जावाची. कार्डावर 'इंडियन', घरात बोलायची भाषा मलाय, आणि तमिळ अक्षरही वाचता येत नाही. त्या हसत हसत म्हणाल्या, "तुमच्या ड्रॉपडाऊनमध्ये माझं घर मावत नाही." मला उगाचच शूरवीर झाल्यासारखं वाटलं आणि मी त्यांच्या मॅनेजरला म्हटलं, "हा कॉलम काढून टाकू या का?" तो माझ्याकडे खुळ्यासारखा बघायला लागला. "काढा. मग कपात कशावर करणार?"

बरोबरच होतं त्याचं. कॉलमवर दहा गोष्टी अवलंबून आहेत म्हटल्यावर तो काढता येत नाही. पण तो आला कुठून, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. त्यानंतर कितीतरी वीकेंड मी लायब्ररीत घालवले. आजचा लेख हा त्याचाच सारांश आहे.

मलाक्का हे मलाया द्वीपकल्पातलं जुनं बंदर. पोर्तुगीजांनी ते १५११ साली घेतलं. त्यानंतर लगेच तिथे राहिलेला तोमे पिरेश नावाचा पोर्तुगीज लिहितो, की या बंदरात ८४ भाषा ऐकू येतात. आकडा थोडा फुगवलेला असेलही, पण चित्र कळतं. गुजराती, तमिळ, जावानीज, चिनी, अरब सगळेच तिथे. हे लोक आपापल्या मोहल्ल्यात राहायचे, आपापल्या देवाला भजायचे, पण लग्नं इकडून तिकडे होत होती. त्यातून बाबा म्हणवणारे चिनी झाले. पूजा चिनी, बोली मलाय, जेवणात नारळ आणि मिरची. चिट्टी झाले, म्हणजे तमिळ हिंदू, पण घरात मलाय बोलणारे. तमिळ किंवा इतर भारतीय मुसलमान बाप आणि मलाय आई यांची मुलं 'जावी पेरानाकन' म्हणवली जायची. १८७६ साली सिंगापुरात मलाय भाषेतलं पहिलं वर्तमानपत्र निघालं, ते याच लोकांचं, आणि नावही तेच. मलाय भाषेतली पत्रकारिता सुरू केली ती आजच्या कार्डावर कदाचित 'इंडियन' लिहिलं गेलं असतं अशा लोकांनी!

'मलाय' हा शब्द इंग्रजांच्या आधी नव्हता असं नाही. होता, आणि त्याला राजदरबार, भाषा, धर्म यांचं वजनही होतं. पण त्याला दारं होती. इस्लाम स्वीकारणाऱ्या परक्याबद्दल 'मासुक मलायु' असं म्हणायचे, म्हणजे तो मलायपणात शिरला. सेलांगोरचं सुलतान घराणं मूळचं सेलेबीसकडच्या बुगी लोकांचं. नेगरी सेम्बिलानमधले लोक सुमात्रातून आलेले मिनांगकाबाऊ, आणि त्यांच्यात घराणं आईकडून चालतं. हे सगळे हळूहळू मलाय झाले, आणि होताना बुगी किंवा मिनांगकाबाऊ राहायलाही त्यांना कोणी मनाई केली नाही.

मग इंग्रज आले. १७८६ साली पेनांग, १८१९ साली सिंगापूर, आणि १८२४ च्या तहाने डचांकडून मलाक्का. गंमत म्हणजे १८६७ पर्यंत या वसाहतींचा कारभार आपल्या कलकत्त्याहून चालायचा. रॅफल्सने १८२२ साली सिंगापूरचा नकाशा आखायला घेतला तेव्हा चिन्यांना एक भाग, दक्षिण भारतीय चुलियांना एक, बुगींना एक, अरबांना एक आणि युरोपियनांना (अर्थातच) ऐसपैस एक, अशी वाटणी केली. आज टूरिस्ट म्हणून आपण चायनाटाऊन आणि काम्पोंग ग्लाम बघतो, ते त्याच नकाशाचे अवशेष.

नकाशावर रेघा मारल्या म्हणून माणसं लगेच त्या रेघांप्रमाणे वागायला लागली नाहीत. मला सर्वात जास्त चकित केलं ते तिथल्या जुन्या दंगलींनी. १८५४ साली सिंगापुरात मोठी दंगल झाली ती चिनी विरुद्ध चिनी, होक्किएन विरुद्ध तेओच्यू. १८६७ साली पेनांगमध्ये दहाएक दिवस रस्त्यावर लढाई चालली. एका बाजूला गी हिन ही चिनी गुप्त संघटना आणि तिच्या बरोबर मलाय व भारतीय मुसलमानांचा 'पांढरा झेंडा' हा गट. दुसऱ्या बाजूला दुसरी चिनी संघटना आणि तिच्या बरोबर मलाय व भारतीय मुसलमानांचाच 'लाल झेंडा'. लारूतच्या कथिलाच्या खाणींवरून १८६१ पासून १८७४ पर्यंत मारामाऱ्या झाल्या, तिथेही दोन्ही बाजूंना चिनी आणि दोन्हीकडे मलाय सरदार. म्हणजे रक्त सांडत होतं, तिथे काही रामराज्य नव्हतं. पण भांडणाची रेघ 'चिनी विरुद्ध मलाय' अशी नव्हती. ती खाण, बंदर, अफूचा मक्ता आणि गादीचा वारस यांवरून पडायची.

आता आमच्या धंद्याच्या गोष्टीकडे येतो, म्हणजे डेटाकडे.

१८७१ आणि १८८१ च्या जनगणनांचे तक्ते बघितले की हसू येतं. अचिनी, अरब, आर्मेनियन, बोयानी, बुगी, ज्यू, जावानीज, क्लिंग, पारशी, सयामी, सिंहली.. जे दिसलं ते लिहिलं अशी लांबलचक यादी, साधारण बाराखडीच्या क्रमाने. 'क्लिंग' म्हणजे तमिळ, आणि त्यात ज्यांची जागा नाही ते 'बंगाली व हिंदुस्थानातले इतर'. एखादा मराठी माणूस तिथे असता तर तो या 'बंगाली व इतर' मध्ये गेला असता. पु.लं.ना यावर चांगलं लिहिता आलं असतं.

ही यादी विनोदी आहे, पण एक प्रकारे प्रामाणिक आहे. बंदरात जी गर्दी दिसली तिचा तो ढोबळ फोटो. १८९१ साली या यादीवर कोणीतरी स्वच्छता मोहीम चालवली. सगळ्यांना सहा मोठ्या टोपल्यांत टाकलं: युरोपियन व अमेरिकन, युरेशियन, चिनी, मलाय व द्वीपसमूहातले इतर, तमिळ व हिंदुस्थानातले इतर, आणि उरलेले. जुनी नावं राहिली, पण पोटभेद म्हणून. जावी पेरानाकनसारख्या दोन टोपल्यांत पाय असलेल्या लोकांना एक पाय उचलावा लागला. आधी या रकान्याला 'नॅशनॅलिटी' म्हणायचे, विसाव्या शतकात तिथे 'रेस' हा शब्द बसला.

आणि सगळ्यात भारी गोष्ट पुढेच आहे. १९३१ च्या जनगणनेचा प्रमुख व्लीलँड याने आपल्या अहवालात चक्क मान्य केलं, की जनगणनेत 'रेस' हा शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने वापरलाय ते सांगता येणं अशक्य आहे. तो म्हणजे भूगोल, मूळ, राजकीय निष्ठा आणि सामाजिक जवळीक यांचं कामापुरतं मिश्रण आहे, आणि पूर्वेकडच्या बहुतेक लोकांना वंशापेक्षा धर्म महत्त्वाचा वाटतो. म्हणजे कॉलम ज्याने भरला त्यालाच कॉलमचा अर्थ माहीत नव्हता! असलं डॉक्युमेंटेशन मी बऱ्याच सिस्टिम्समध्ये पाहिलंय, पण इतकं सरळ कबूल केलेलं नाही.

नुसतं मोजण्याने मात्र एवढं काही बिघडलं नसतं. खरा बदल झाला तो त्या कॉलमला इतर टेबलं जोडायला सुरुवात झाली तेव्हा.

पहिलं टेबल जमिनीचं. १९१३ साली मलाय राखीव जमिनीचा कायदा आला. रबराच्या भावामुळे शेतकऱ्यांची जमीन परक्यांच्या हाती जात होती, ती वाचवायची हा उद्देश. पण जमीन 'मलाय' माणसासाठी राखून ठेवायची तर मलाय कोण ते कायद्यात लिहायला हवं. लिहिलं: मलायी वंशाचा, नेहमी मलाय किंवा तशीच भाषा बोलणारा आणि इस्लाम मानणारा. पुढे निरनिराळ्या संस्थानांनी आपापली व्याख्या केली. केडाने त्यात अरब वंशाच्या लोकांनाही घेतलं. म्हणजे एखादं कुटुंब नदीच्या या तीरावर मलाय आणि त्या तीरावर परकं असू शकत होतं.

दुसरं टेबल कामाचं. कथिलाच्या खाणीत चिनी. रबराच्या मळ्यावर तमिळ मजूर. मळ्याचाच एक मुकादम, म्हणजे कंगाणी, गावी जाऊन आपल्याच ओळखीतली माणसं घेऊन यायचा. मळ्यावर चाळ, मळ्यावरच ताडीचं दुकान, मळ्यावरच तमिळ शाळा. मलाय माणसाने भात पिकवावा. त्याने रबर लावायला घेतलं तर १९१७ साली कायदा करून भाताच्या जमिनीत दुसरं काही लावायला बंदी घातली. त्याला भातात ठेवायचं आणि वर तो आळशी आहे, त्याला व्यापार जमत नाही असं म्हणायचं. सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७ साली 'आळशी नेटिव्ह'च्या या दंतकथेवर अख्खं पुस्तक लिहिलं. मलाय माणूस आळशी नव्हता, दुसऱ्याच्या मळ्यात राबायला तयार नव्हता एवढंच.

तिसरं टेबल शाळेचं. गावातल्या मलाय मुलाला मलाय शाळा, तीही बापापेक्षा जरा बरा शेतकरी किंवा कोळी होण्यापुरती. सरदारांच्या मुलांसाठी १९०५ साली क्वाला कांगसारला वेगळं इंग्रजी कॉलेज. चिन्यांच्या शाळा चिनी, तमिळांच्या तमिळ. तिन्ही मुलं एकमेकांना भेटायची ती बाजारात.

दोन पिढ्या असं चाललं की काय होणार? भात म्हणजे मलाय, दुकान म्हणजे चिनी, रबर म्हणजे तमिळ, हे डोळ्यांना रोज दिसतं. आणि रोज दिसतं ते नैसर्गिक वाटायला लागतं. 'फोडा आणि झोडा' हा शब्दप्रयोग आपल्याला शाळेपासून पाठ आहे, पण मला तो इथे पुरेसा वाटत नाही. लंडनमध्ये बसून कोणी एका माणसाने हा कट रचला असं नाही. एकाने मोजणी सोपी केली, दुसऱ्याने जमीन वाचवली, तिसऱ्याने स्वस्त मजूर आणले, चौथ्याने शाळेचा खर्च वाचवला. प्रत्येकजण आपापलं मॉड्यूल लिहीत होता. सगळ्यांनी वापरला तो मात्र एकच कॉलम.

स्वातंत्र्य आलं तेव्हा पक्षही त्याच रकान्यांप्रमाणे होते. १९४६ साली मलायांचा उम्नो आणि भारतीयांची काँग्रेस, १९४९ साली चिन्यांची संघटना. १९५७ च्या राज्यघटनेच्या १६० व्या कलमात मलाय माणसाची व्याख्या आहे: इस्लाम मानणारा, नेहमी मलाय बोलणारा, मलाय रीत पाळणारा, आणि शिवाय जन्माच्या किंवा वंशाच्या नात्याने या भूमीशी जोडलेला. १९१३ ची आठवण येते ना? 'वंश' हा शब्द गेला, पण साचा तोच. १९६९ च्या मे महिन्यात क्वालालंपूरमध्ये भीषण दंगल झाली, सरकारी आकड्याप्रमाणे १९६ माणसं गेली. आता भांडणाची रेघ स्पष्टपणे 'मलाय विरुद्ध चिनी' होती. १९७१ पासून नवं आर्थिक धोरण आलं आणि भूमिपुत्रांकडे वीस वर्षांत ३० टक्के भांडवली मालकी आणायचं ठरलं. आदल्या वर्षी महाथिर मोहम्मद यांचं मलायांच्या पेचाबद्दलचं पुस्तक आलं होतं. त्यात मलाय मागे का, याचं एक कारण म्हणून आनुवंशिकता दिली आहे. साहेबाची दंतकथा आता ज्याच्याबद्दल होती त्याच्याच तोंडून ऐकू येत होती. मला हे सगळ्यात जास्त लागलं.

सिंगापूर १९६५ साली वेगळं झालं. त्यांनी उलट, सर्व वंश समान, अशी भूमिका घेतली. पण कॉलम तोच ठेवला. शाळेत 'मातृभाषा' शिकायची ती घरात बोलता ती नव्हे, वंशाची. चिनी असाल तर मँडरिन, मग आजी होक्किएनशिवाय काही बोलत नसली तरी. इंडियन असाल तर तमिळ. पुढे हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांचीही मुभा मिळाली. मराठी त्यात नाही. मुलीच्या शाळेचा फॉर्म भरताना मी बायकोला विचारलं, "मातृभाषा हिंदी लिहू?" ती म्हणाली, "अरे लिही. तिच्या आईची भाषा काय, ते तिच्या आईला कोणी विचारलंय का!" आम्ही हसलो. पण ते लिहिताना हात क्षणभर थांबला होता, हे खरं.

२०११ पासून तिथे मिश्र कुटुंबातल्या मुलांना जोडवंश नोंदवता येतो, म्हणजे 'इंडियन-चायनीज' असं. ऐकून बरं वाटलं. मग कळलं, की घरांच्या कोट्यासारख्या ठिकाणी यातला पहिला शब्दच धरतात. थोडक्यात, डॅशवर तोडा आणि पहिला तुकडा घ्या. कोणत्याही प्रोग्रॅमरने शुक्रवारी संध्याकाळी हेच केलं असतं.

आता दुसरी बाजू. मी तिथे राहिलोय, त्यामुळे ती टाळणं अप्रामाणिक होईल. १९८९ पासून सरकारी इमारतींमध्ये प्रत्येक वंशाच्या कुटुंबांचा कोटा आहे. त्यामुळे माझ्या मजल्यावर शेजारी चिनी आजोबा होते आणि समोर मलाय कुटुंब. 'आमच्याकडे फक्त अमुक लोकांनाच जागा देतो' हे पुण्या-मुंबईत ऐकलेलं वाक्य तिथल्या सरकारी सोसायटीला म्हणता येत नाही. हा कोटा कॉलमशिवाय चालवता येईल का? नाही येणार. मलायांची गरिबीही खोटी नव्हती. कॉलममुळे झालेला अन्याय मोजायलासुद्धा कॉलमच लागतो, हा खरा पेच आहे. आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये पुढच्या जनगणनेत जात मोजायचं जाहीर झालं, तेव्हा दोन्ही बाजूंचे वाद ऐकताना मला सारखं मलाया आठवत होतं. 'मोजूच नका' म्हणणाऱ्यांना बहुधा मोजण्याची गरज पडलेली नसते. आणि 'मोजलं की न्याय मिळेल' म्हणणाऱ्यांनी १८९१ च्या त्या सहा टोपल्या बघाव्यात.

मग करायचं काय? माझं मत असं: कॉलम ठेवा, पण तो माणसाने स्वतः भरावा, एकापेक्षा जास्त व्हॅल्यू घ्याव्यात, पुढे बदलता याव्यात, आणि त्या कॉलमला प्रत्येक नवीन गोष्ट जोडताना कोणीतरी 'का?' विचारावं. हे स्वप्नरंजन नाही. सिंगापूरच्या राज्यघटनेतच याची अर्धी सोय आहे. २०१७ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मलाय समाजासाठी राखीव होती आणि हलीमा याकूब बिनविरोध आल्या. त्यांचे वडील भारतीय मुसलमान, आई मलाय. त्या मलाय कशा, म्हणून बरीच कुजबुज झाली. पण त्या पदासाठीची व्याख्या रक्त बघत नाही. जो स्वतःला त्या समाजाचा मानतो आणि ज्याला तो समाज साधारणपणे आपला मानतो, तो त्या समाजाचा, असं ती म्हणते. जुन्या बंदरातला माणूस हे वाचून म्हणाला असता, यात नवीन काय?

आमच्या प्रोजेक्टचं शेवटी असं झालं, की कॉलम राहिला. मी फक्त कपातीचा भाग त्याच्यापासून वेगळा काढला. कोणत्या निधीला पैसे द्यायचे ते ज्याने त्याने स्वतः निवडायचं, दोन निवडले तरी चालेल, आणि वंशाप्रमाणे आधीच भरलेली खूण बदलता यायची. दोन दिवसांचं जादा काम होतं, मॅनेजर कुरकुरला, पण झालं. अकाउंट्समधल्या त्या बाईंनी स्क्रीन बघितली, दोन खुणा केल्या आणि म्हणाल्या, "आता निदान खिडकी उघडली."

असो. पुढच्या वीकेंडला जरा हलकं काहीतरी लिहीन म्हणतो. तुमच्या ऑफिसच्या सिस्टिममध्ये असा एखादा कॉलम असेल, तर तो कोणी आणि कधी टाकला ते एकदा शोधून बघा. बहुतेक वेळा टाकणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.